अडीच पळं

लग्नघरात आमच्या अण्णांकडे एक काम ठरलेलं असायचं. घटिकापात्राजवळ बसायचं. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची छोटी वाटी सोडलेली, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी आत येत राहायचं आणि चोवीस मिनिटांनी वाटी तळाला जायची. अण्णा आम्हा भावांना शेजारी बसवून घ्यायचे आणि बोटानं दाखवायचे, बघा, आता काठाला आलं. वाटीचा काठ आणि पाणी एका पातळीत आले की एक क्षण सगळं थांबल्यासारखं व्हायचं. पाण्याचा पृष्ठभाग काठावर किंचित फुगायचा, चकाकायचा, आणि मग वाटी एकदम खाली. त्या शेवटच्या क्षणी नजर हटली की अण्णा मांडीला चिमटा काढायचे.

त्यांनीच हिशेब पाठ करून घेतला होता. साठ विपळांचं एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक दिवस. म्हणजे अडीच घटकांचा तास आणि अडीच पळांचं मिनिट. पुढे शाळेत सेकंद आले, हातात घड्याळ आलं, पण लहानपणी बसलेलं माप जात नाही. कुणी ‘एक मिनिट’ म्हणालं की माझ्या मनात अजून ‘अडीच पळं’ उमटतं.

म्हणून इंटरनेटवर पहिल्यांदा अथेन्स ऑलिंपिकमधली एक किलोमीटरची सायकल शर्यत पाहिली तेव्हा हेच मनात आलं. 20 ऑगस्ट 2004. स्कॉटलंडचा ख्रिस हॉय. वेळ 1 मिनिट 0.711 सेकंद. अडीच पळं आणि वर थोडं. त्यानंतर ती शर्यत मी किती वेळा पाहिली असेल, सांगता येणार नाही. आनंदात पाहिली आहे, आणि अण्णा गेले त्या वर्षी रात्री झोप येत नसायची तेव्हाही पाहिली आहे.

ट्रॅकवरचे सायकलपटू या शर्यतीला नुसतं ‘किलो’ म्हणतात. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. अडीचशे मीटरचा लाकडी ट्रॅक, वळणावर भिंतीसारखा उभा राहिलेला, त्याच्या चार फेऱ्या एकट्यानं मारायच्या. सायकलीला ब्रेक नाही, गिअर एकच, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, मध्येच पाय सोडून दम खायची सोय नाही. मागचं चाक एका यंत्रानं पकडून ठेवलेलं असतं. घड्याळ उलटं मोजत येतं, शेवटचे पाच टोले वाजतात आणि यंत्र चाक सोडतं. जागेवर थांबलेल्या सायकलीला वेग द्यायचा म्हणजे पहिल्या अर्ध्या फेरीत सगळं अंग पैडलवर ओतावं लागतं. दोन फेऱ्या माणूस साठवलेल्या ताकदीवर जातो. तिसरीत मांड्या पेटतात. चौथीत पाय आपले राहत नाहीत. सरावात अशी एक दौड झाली की हॉय सायकलीवरून उतरून बाजूच्या चटईवर कितीतरी वेळ पडून राहायचा, कधी उलट्या व्हायच्या. आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा. सत्तावीस इंच घेराच्या त्या मांड्यांबद्दल लोक फार बोलतात. मला ती चटई जास्त आठवते.

तो जन्मला 23 मार्च 1976 ला, एडिनबरोत. सहा वर्षांचा असताना ‘ई.टी.’ सिनेमा पाहून त्याला बीएमएक्स, म्हणजे छोट्या चाकांच्या, उड्या मारायच्या सायकलीचं वेड लागलं. घरच्यांनी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून पाच पौंडांना एक जुनी सायकल आणली. वडील डेव्हिड यांनी ती सुटी केली, काळा रंग मारला, वर स्टिकर लावले. हा प्रसंग वाचताना मला आमच्या गावातलं सायकलीचं दुकान दिसतं. तिथं तासावर सायकल भाड्यानं मिळायची, आठ आणे तास. मालक वहीत नाव आणि वेळ लिहायचा. दादानं मला त्या तासातच सायकल शिकवली, मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पैडल. मागून कॅरिअर धरून पळताना तो सारखं ओरडायचा, “खाली बघू नको, पुढं बघ.” अडीच घटका संपायच्या आत सायकल परत न्यायची, म्हणून दुकानाकडे येताना आम्ही दोघं जीव तोडून पळायचो.

हॉय सात ते चौदा वर्षांपर्यंत बीएमएक्स खेळला. वडील त्याला गाडीत घालून देशभर, पुढे युरोपभर फिरवत. आई कॅरल नर्स होती. मग रग्बी झालं, वल्हवणं झालं, आणि मग मेडोबँकचा ट्रॅक. 1970 च्या राष्ट्रकुल खेळांसाठी बांधलेला, वर छप्पर नसलेला. एडिनबरोच्या पावसात लाकूड ओलं झालं की सराव बंद. आज तो ट्रॅक पाडून टाकला आहे. अशा ठिकाणाहून पोरं जगज्जेती होतात, कारण पाऊस थांबायची वाट बघत बसणं त्यांना जमतं. माझं हे मत भाबडं वाटेल, पण माझा त्यावर विश्वास आहे.

सिडनीला 2000 साली सांघिक स्प्रिंटमध्ये रौप्यपदक मिळालं. अथेन्सच्या आधी स्टीव्ह पीटर्स हे मनोविकारतज्ज्ञ ब्रिटिश संघाबरोबर काम करत होते. त्यांनी हॉयला विचारलं की तुझी पाळी येण्याआधीच कुणी विश्वविक्रम मोडला तर तू काय करशील. हॉयकडे उत्तर नव्हतं. विचार करायचा नाही, एवढंच सुचत होतं, आणि विचार करायचा नाही म्हटलं की तोच विचार येतो. मग दोघांनी मिळून सराव केला. असा विचार आला रे आला की मनात आपलीच शर्यत सुरू करायची. चाक सुटतंय, पहिलं पैडल, पहिलं वळण. जे आपल्या हातात आहे तेवढंच.

अथेन्सला अगदी तसंच झालं. जगज्जेता म्हणून हॉयची पाळी सर्वांत शेवटी. त्याच्या आधी ऑस्ट्रेलियाचा शेन केली, जर्मनीचा स्टेफान निम्के आणि फ्रान्सचा आर्नो तूर्नां, तिघांनी एकामागून एक समुद्रसपाटीवरची आजवरची सर्वोत्तम वेळ मोडली. प्रत्येक वेळी स्टेडियम पेटून उठत होतं. तूर्नां 1 मिनिट 0.896 वर आला. व्हिडिओत हॉय त्या वेळी खुर्चीवर बसलेला दिसतो. चेहरा असा, की घरात पाहुणे मोठ्यानं बोलत असताना एखादा मुलगा कोपऱ्यात गणित सोडवतोय. तो उठला, गेला आणि तूर्नांपेक्षा 0.185 सेकंदानं लवकर आला. अर्ध्या विपळाहून कमी.

पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं किलो ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली. जागा करायची होती बीएमएक्सला. ज्या सायकलीनं त्याला या वाटेला लावलं तिच्यासाठी त्याची शर्यत गेली. मी त्याच्या जागी असतो तर कडवट झालो असतो. माणूस अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, एका कामात जगात पहिला, आणि ते कामच उरलं नाही. आमच्याकडे मिल बंद झाल्यावर उत्तम कारागिरांचं काय झालं, ते मी लांबून पाहिलेलं आहे. हॉय केरिन शिकला. केरिन हा जपानचा प्रकार, 1948 पासून तिथं पैसे लावून खेळला जाणारा. ऑलिंपिकमधल्या केरिनमध्ये पुढे एक मोटरसायकल वेग वाढवत जाते, तिच्यामागे सगळे रांगेत, आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्या की ती बाजूला होते. मग खांद्याला खांदा घासत जो पहिला येईल तो. एकट्यानं घड्याळाशी भिडणाऱ्या माणसानं तिशीला टेकताना हे नव्यानं शिकायचं, तेही जपानला जाऊन. शिकला.

पण किलोशी त्याचा हिशेब बाकी होता. मे 2007 मध्ये तो बोलिव्हियातल्या ला पाझला गेला. तिथला उघडा ट्रॅक समुद्रसपाटीपासून सुमारे 3400 मीटर उंचावर आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी उंची पुरी पडायची नाही. हवा विरळ, म्हणून सायकलीला अडथळा कमी. पण त्याच हवेत प्राणवायूही कमी, चटईवर पडल्यावर श्वास पुरत नाही. तूर्नांनं 2001 मध्ये तिथंच 58.875 सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. हॉय आला 58.880 ला. फरक पाच सहस्रांश सेकंदाचा. विपळाचा ऐंशीवा भाग. त्या वेगात हे अंतर जेमतेम चार बोटं भरतं. अर्धं जग ओलांडून जायचं आणि चार बोटं कमी पडायची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ट्रॅकवर उतरला आणि धावत्या सुरुवातीच्या 500 मीटरचा विश्वविक्रम केला, 24.758 सेकंद. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून बसलो. एक पळ म्हणजे चोवीस सेकंद. अण्णांच्या हिशेबातलं पळ नेमकं केवढं असतं ते मला कधी अंगानं कळलं नव्हतं. अर्धा किलोमीटर उडत जायला लागावं तेवढं.

बीजिंग आणि लंडनबद्दल सगळ्यांनी भरपूर लिहिलं आहे, मी थोडक्यात सांगतो. 2008 मध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं, शंभर वर्षांत कुठल्याही ब्रिटिश खेळाडूला न जमलेलं. प्रेक्षकांत वडील हाताने रंगवलेला फलक धरून. मग ‘सर’ हा किताब. 2010 मध्ये मी नोकरीनिमित्त दिल्लीत होतो, राष्ट्रकुल खेळांत त्याला प्रत्यक्ष बघता येईल म्हणून महिने मोजत होतो, पण त्याच सुमाराच्या युरोपीय स्पर्धेत ऑलिंपिक पात्रतेचे गुण असल्यानं तो आला नाही. फार वाईट वाटलं होतं. 2012 मध्ये लंडनला उद्घाटनात ब्रिटनचा झेंडा त्याच्या हातात होता. तिथल्या केरिनमध्ये शेवटच्या फेरीत जर्मनीचा लेव्ही त्याच्या पुढे गेला होता. छत्तीस वर्षांचा माणूस, वय पायात उतरलेलं, आणि तरी शेवटच्या वळणावर आतल्या बाजूनं त्यानं परत मुसंडी मारली. सहावं सुवर्ण. पदक घेताना तो रडला.

एप्रिल 2013 मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. ग्लासगोच्या नव्या वेलोड्रोमला, म्हणजे सायकल ट्रॅकच्या स्टेडियमला, त्याचंच नाव दिलेलं, 2014 चे राष्ट्रकुल खेळ तिथंच व्हायचे होते. स्वतःच्या नावाच्या ट्रॅकवर स्वतःच्या लोकांपुढे शेवटची शर्यत, कुणालाही मोह झाला असता. त्यालाही झाला. पण शरीर नाही म्हणालं आणि त्यानं ते ऐकलं.

पुढे तो मोटारींच्या शर्यतींत उतरला. 2016 मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन जोडीदारांबरोबर गाडी चालवून सतरावा आला. अडीच पळांचा माणूस साठ घटकांच्या शर्यतीला गेला, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. त्याआधी ऑक्टोबर 2014 मध्ये त्याचा मुलगा कॅलम अकरा आठवडे आधीच जन्माला आला. बाळाचं वजन एक किलोही भरत नव्हतं. काचेच्या पेटीतल्या त्या जीवाजवळ हॉय आणि त्याची बायको सारा यांनी कितीतरी दिवस बसून काढले. तिथं बापाला करण्यासारखं काही नसतं, फक्त यंत्रावरचे आकडे बघत बसायचं. मुलगा वाचला, वाढला. 2017 मध्ये मुलगी झाली, क्लोई.

2023 च्या सप्टेंबरात हॉय खांदा दुखतो म्हणून दवाखान्यात गेला. व्यायाम करणारा माणूस, वजन उचलताना काही ताणलं असेल असंच वाटणार. स्कॅनमध्ये खांद्यात गाठ दिसली. मग कळलं की हा कर्करोग आहे, त्याचं मूळ मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत आहे आणि तो खांदा, कंबर, बरगड्या, मणके इथल्या हाडांत पसरला आहे. चौथा टप्पा. वय सत्तेचाळीस. डॉक्टरांनी सांगितलं, दोन ते चार वर्षं.

इथं मला अण्णांबद्दल लिहावं लागेल. अण्णांची पाठ दुखत होती. वर्षभर आम्ही शेक दिला, मलम चोळलं, तालुक्याच्या एका डॉक्टरांनी मणक्याचं औषध चालू ठेवलं. रात्री ते तीन-चारदा उठायचे. आईला वाटायचं वय झालं. आम्ही दोघं मुलगे, दोघांचीही लग्नं झालेली, पण बापाला “अण्णा, लघवीला त्रास होतो का?” हे विचारायची जीभ आम्हाला झाली नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मोठ्या शहरात नेलं तोवर हाडांत गेलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी गेले. शेवटच्या महिन्यात ते वेळ विचारायचे, सारखी. किती वाजले? मी सांगायचो. मनातल्या मनात ते घटकांत रूपांतर करतात हे मला ओठांवरून कळायचं.

हॉयच्या आजोबांना आणि वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग होऊन गेला होता. म्हणजे धोका घरातच होता. पण ब्रिटनमध्ये पुरुषानं पीएसए ही साधी रक्ततपासणी मागून घ्यायची ती पन्नाशीनंतर, असा दंडक आहे. हॉय त्या वयाला पोचलाच नव्हता. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यानं आजाराची बातमी दिली आणि ऑक्टोबरमध्ये तो बरा होणारा नाही हेही सांगितलं. सोबत एकच मागणं लावून धरलं: ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षापासून तपासू द्या. या तपासणीवर डॉक्टरांत मतभेद आहेत, तेही खरे आहेत. पीएसए दुसऱ्या कारणांनीही वाढतो, आणि ज्या गाठीनं कधीच काही बिघडलं नसतं तिच्यावर उपचार करून माणसाचं नुकसानही होतं. पण त्याच्या बोलण्यानंतर तिथल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या संस्थेकडे स्वतःचा धोका पडताळून बघणाऱ्या पुरुषांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. जी गोष्ट बाप मुलाला सांगत नाही ती त्यानं सगळ्या देशाला सांगितली. त्याच्या सहा सुवर्णांपेक्षा मला हे मोठं वाटतं, आणि हे मी विचार करून लिहितो आहे.

त्याला कर्करोग असल्याचं कळलं त्याच सुमारास साराला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचं निदान झालं. नवऱ्याची केमोथेरपी चाललेली, म्हणून तिनं काही आठवडे ते त्याला कळू दिलं नाही. मुलं तेव्हा नऊ आणि सहा वर्षांची. मुलांना त्यांनी आजार लपवला नाही, त्यांच्या शब्दांत सांगितला. हॉय म्हणतो की या काळात तो पीटर्सकडून शिकलेल्या त्याच जुन्या गोष्टीकडे परत गेला. जे हातात आहे तेवढंच. आज काय करायचं आहे तेवढंच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो बीबीसीसाठी ट्रॅकच्या कडेला उभा राहून शर्यती समजावून सांगत होता. दुसऱ्याच्या पायातली ताकद ओळखताना त्याच्या चेहऱ्यावर तोच जुना आनंद होता, मी नीट बघितलं.

7 सप्टेंबर 2025 ला ग्लासगोत त्यानं हजारो लोकांना सायकलीवर एकत्र आणलं. ‘टूर दी फोर’ असं नाव, चौथ्या टप्प्यातला चार. सुरुवात त्याच्याच नावाच्या वेलोड्रोमपासून. चौथ्या टप्प्याचा कर्करोग असलेले कितीतरी जण त्यात पैडल मारत होते. त्याला दाखवायचं होतं की चौथा टप्पा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यापलीकडेही माणूस असतो. कुणी घड्याळाशी भांडत नव्हतं. बोलत, हसत, चढावर एकमेकांसाठी थांबत चाललेली माणसं.

मी गेल्या वर्षी तपासणी करून घेतली. माझं ठीक आहे. दादा छप्पन्नचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि तो टाळत होता. “मला काय धाड भरलीय?” एवढंच उत्तर. दिवाळीला गावी गेलो तेव्हा दुपारी पडवीत त्याला फोनवर अथेन्सची ती शर्यत दाखवली. कोण आहे, कशाची आहे, आधी काही सांगितलं नाही. चाक सुटलं तसा दादा पुढे झुकला. तिसऱ्या फेरीला त्याचा पाय चौकटीवर हलायला लागला. संपल्यावर म्हणाला, “परत लाव.”

दुसऱ्यांदा बघताना मी त्याला सगळं सांगितलं. खांदा, वडील, आजोबा, सत्तेचाळीस. तो स्क्रीनकडेच बघत राहिला. आतल्या खोलीत फळीवर अण्णांची तांब्याची वाटी पालथी ठेवलेली दिसत होती.

“रक्तच द्यायचं ना नुसतं?” त्यानं विचारलं.

“हो.”

“उपाशीपोटी?”

“नाही. फक्त दोन दिवस आधी सायकल चालवायची नाही. त्यानं आकडा वाढू शकतो.”

दादा अजून रोज मळ्यात सायकलनं जातो. त्यानं दारात टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. चाकांना सकाळचा चिखल अजून ओला होता.

“मग परवा जाऊ,” तो म्हणाला. “उद्या मला मळ्यात तू सोड.”